ट्रायकोडर्माची जागा

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात तुरीला फुले लागायची आणि मर दिसायची वेळ साधारण एकच असते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कपाशीच्या ओळींमध्ये डोक्याएवढी झालेली तूर एकाएकी माना टाकते. आज एक झाड, आठवड्याने शेजारची चार. शेतकरी वाळलेले झाड उपटून कृषी सेवा केंद्रात दाखवायला नेतो आणि परत येताना त्याच्या पिशवीत बहुधा दोन पुड्या असतात, एक कार्बेन्डाझिमची आणि एक ट्रायकोडर्माची. दोन्ही एकाच टाकीत कालवून बुडाशी आळवणी होते. कार्बेन्डाझिम मरीच्या बुरशीला मारते तसे ट्रायकोडर्मालाही मारते, म्हणजे दुसऱ्या पुडीचे पैसे टाकीतच बुडाले. शिवाय ज्या झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आतून चोंदल्या आहेत ते कोणत्याही पुडीने पुन्हा हिरवे होत नाही. पुढच्या हंगामात निष्कर्ष ठरलेला असतो: जैविक काही कामाचे नाही. कडधान्यांच्या बुरशीजन्य रोगांवर उपयोगी सूक्ष्मजीव चालतात का, हा प्रश्न खरे तर जुना झाला आणि त्याचे उत्तर ‘चालतात’ असे आहे. कोणत्या रोगावर, कोणत्या जमिनीत आणि केव्हा, हा प्रश्न मात्र अजून नीट विचारला जात नाही. माझे म्हणणे असे की, आपण हे जीव जिथे सर्वांत जास्त वापरतो तिथे त्यांची गरज सर्वांत कमी आहे. आणि जिथे त्यांच्यावाचून फारसा उपाय नाही तिथे त्यांना काम करता येईल अशी जमीन आपण ठेवलेली नाही.

आधी रोगाकडे पाहू, कारण गावात ‘मर’ या एका नावाखाली तीन-चार वेगळे रोग मोडतात. तुरीची खरी मर फ्युजेरियम उडम या बुरशीने येते. बिहारमधल्या पुसा येथे काम करणाऱ्या एडविन जॉन बटलर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचा अभ्यास केला आणि १९१० साली तिचे सविस्तर वर्णन छापले. ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा दिसतो, त्या जागची साल नखाने सोलली की आतल्या लाकडात तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. पुष्कळदा झाडाची एकच बाजू वाळते आणि दुसरी हिरवी राहते. हरभऱ्याच्या मरीची बुरशी याच घराण्यातली, पण वेगळी. मूळ उभे चिरले की मधोमध काळपट रेघ सापडते. दोन्ही बुरश्या पीक निघाल्यावर धसकटांत आणि मातीत टिकून राहतात. हरभऱ्याची तर यजमान पीक नसतानाही सहा वर्षांपर्यंत तग धरते, असे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. मूळकूज हा निराळा रोग. त्याची बुरशी, मॅक्रोफोमिना, ५०० हून अधिक वनस्पतींवर जगते. हरभरा घाट्यावर येतो, हवा तापते, ओल खाली जाते आणि झाड गवती रंगाचे होऊन वाळते. उपटायला जावे तर मूळ काडीसारखे कटकन मोडते आणि निम्मे जमिनीतच राहते. हीच बुरशी सोयाबीनवर खोडकूज आणते, ज्वारीला कणसात दाणे भरत असताना आतून पोखरते. मानकुजव्या याच्या अगदी उलट हवेत येतो. पेरणीनंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात, ओल भरपूर असताना, रोपाच्या मानेशी पांढरा कापसासारखा थर आणि त्यात मोहरीएवढे गोल दाणे दिसतात; ती स्क्लेरोशियम रॉल्फसाय. याशिवाय अतिवृष्टीत शेतात पाणी तुंबून मुळे गुदमरली तरी तूर मरते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, तशा पावसानंतर वाळणाऱ्या प्रत्येक झाडाचा दोष बुरशीच्या माथी मारणे चुकीचे ठरते. साल न सोलता, मूळ न चिरता घेतलेले औषध हे अंदाजाने घेतलेले औषध, मग ते रासायनिक असो की जैविक.

आता मित्रजीवांकडे. ट्रायकोडर्मा ही बुरशी दुसऱ्या बुरशीवर जगू शकते हे अमेरिकेत रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये दाखवले. तिचे धागे शत्रू बुरशीच्या धाग्यांना वेटोळे घालतात, त्यांची भिंत विरघळवणारी विकरे सोडतात, आतला माल खातात. पाठ्यपुस्तकांत हेच चित्र छापलेले असते, आणि त्यामुळे असा समज होतो की ट्रायकोडर्मा शेतभर शत्रू शोधत हिंडते. प्रत्यक्षात तिचा मोठा उपयोग जागा अडवण्यात आहे. उगवत्या मुळाभोवती साखरेसारखी द्रव्ये पाझरतात, तिथे जो आधी पोचतो त्याचे बस्तान बसते. शिवाय ती मुळावर बसली की झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही जागी होते. स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू प्रतिजैविके सोडतो आणि त्याबरोबर मातीतले लोह बांधून घेतो, म्हणजे रोगकारक बुरशीला ते मिळत नाही. लोहाच्या या ओढाताणीचे महत्त्व १९८० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात क्लोपर आणि सहकाऱ्यांनी मांडले. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीयुक्त, आम्ल-विम्ल निर्देशांक आठच्या घरात असलेल्या जमिनींसाठी हा मुद्दा कळीचा आहे, कारण अशा जमिनीत लोह असते पण विरघळलेल्या रूपात फार थोडे. जिथे वस्तूची टंचाई, तिथे तिची साठेबाजी परिणाम करते. ट्रायकोडर्माला मात्र थोडी आम्लधर्मी माती अधिक मानवते. तेव्हा दमट, आम्ल मातीतल्या प्रयोगाचे आकडे जसेच्या तसे बीड जिल्ह्यात आणून चालत नाही. तिसरा गडी बॅसिलस सबटिलिस. तो सुप्त बीजाणू करून उन्हाळा आणि दुष्काळ काढू शकतो आणि त्याची बुरशीरोधक द्रव्येही जोरकस आहेत. आपल्याकडे ट्रायकोडर्माचे जेवढे नाव झाले तेवढे त्याचे झाले नाही, हे कोरडवाहू भागाच्या दृष्टीने उलटे झाले.

पुरावा काय सांगतो? काचेच्या बशीत सगळे जिंकतात. दोन बुरश्या समोरासमोर वाढवल्या आणि एकीने दुसरीला रोखले, अशा स्वरूपाचे प्रबंध आपल्या विद्यापीठांत ढिगाने आहेत. त्यांतले फार थोडे कुंडीपर्यंत आणि त्याहून थोडे शेतापर्यंत गेले. तरीही जे गेले ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पंतनगरला मुखोपाध्याय आणि सहकाऱ्यांनी हरभऱ्याच्या मर-मूळकूज गटावर ट्रायकोडर्मा व ग्लायोक्लॅडियमची बीजप्रक्रिया शेतात तपासली. इक्रिसॅटने पटनचेरू येथे गांडूळखतातून वेगळे केलेले स्ट्रेप्टोमायसिस हे सूक्ष्मजीव हरभऱ्याच्या मरीवर आजमावले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅमा किरणांचा मारा करून ट्रायकोडर्मा व्हायरेन्सचा सुधारित प्रकार तयार झाला. त्याची वाढ चिंचोक्यांवर करून हरभरा आणि मसूर यांच्या बियाण्यावर तो शेतात तपासला गेला आणि ते काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ हे उपयोगी बुरश्या व जिवाणूंचे मिश्रण मराठवाड्यात हळद-आल्यापासून कडधान्यांपर्यंत वापरले जाते. या सगळ्या कामांचा सूर एक आहे: रोग कमी होतो, नाहीसा होत नाही; रोपांची संख्या टिकते; आणि वर्षागणिक, जमिनीगणिक परिणाम खालीवर होतो. हा चढउतार जैविक उपायांचा दोष म्हणून सांगितला जातो. मला तो दोष वाटत नाही. जिवंत वस्तूचे काम परिस्थितीवर अवलंबून असणारच. ती परिस्थिती सांगितल्याशिवाय पुडी विकली जाते, तक्रार असेल तर ती तिथे करावी.

तुरीच्या आणि हरभऱ्याच्या खऱ्या मरीवर सर्वांत भरवशाचा उपाय बियाण्यातच आहे. इक्रिसॅटची ‘आशा’ म्हणजे आयसीपीएल ८७११९, बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६ यांसारखे वाण. हरभऱ्यात राहुरीचे विजय आणि दिग्विजय, त्याशिवाय जाकी ९२१८. मरीला दाद न देणारे वाण पेरले तर ट्रायकोडर्माने त्यात भर टाकायला फारसे उरत नाही. बदनापूर तर जालना जिल्ह्यात, म्हणजे आपल्या दारात. आणि तरीही घरचे, वर्षानुवर्षांचे, मिसळ झालेले बियाणे पेरून त्याला ट्रायकोडर्मा चोळणे हाच ‘जैविक शेती’चा प्रघात होऊन बसला आहे. मूळकूज आणि मानकुजव्याचे तसे नाही. ज्या बुरशीला ५०० वनस्पती चालतात तिच्याविरुद्ध एका वाणात पक्की प्रतिकारशक्ती आणणे पैदासकारांना आजवर जमलेले नाही. फेरपालट उपयोगी पडत नाही, कारण फेरपालटीचे पुढचे पीकही तिचेच खाद्य असते. सगळ्या शेताच्या मातीत रासायनिक बुरशीनाशक ओतणे कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. मित्रजीवांची खरी जागा इथे आहे. पेच असा की मूळकूज बळावते ती कोरड्या, तापलेल्या मातीत. ट्रायकोडर्मा २५ ते ३० अंशांत खुलते. त्यापुढे ती मंदावते आणि मॅक्रोफोमिना जोर धरते. तापमान वाढते आहे, अवर्षण वारंवार येते आहे, म्हणजे हा रोग पुढेही वाढणार आणि त्याच हवेत आपला मुख्य गडी ढिला पडणार. म्हणून कोरडवाहू भागासाठी बॅसिलस आणि स्थानिक मातीतूनच वेगळ्या केलेल्या, उष्णता सोसणाऱ्या ट्रायकोडर्मावर भर हवा. बाहेरून आणलेली एकच जात देशभर वाटण्यात अर्थ नाही.

थोडे गणित केले तर आणखी एक गोष्ट उघड होते. नियमाप्रमाणे ट्रायकोडर्माच्या पावडरीत दर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत एकके असायला हवीत. किलोभर हरभऱ्याला पाच ग्रॅम पावडर चोळली तर एक कोटी एकके झाली. मध्यम दाण्याच्या हरभऱ्याचे किलोत साधारण पाच हजार दाणे भरतात, म्हणजे दाण्यामागे दोन हजार. मूळ फुटते तिथेच ही फौज हजर असते. हे ठीक आहे. आता तीच पावडर अडीच किलो घेऊन एकरभर मातीत नुसती फेकली तर? एक एकराचा वरचा सहा इंचांचा थर आठ-नऊ लाख किलो भरतो. भागाकार केला की ग्रॅमभर मातीत पाच-सहा एकके येतात. आधीपासून तिथे लाखोंनी असलेल्या जिवाणू-बुरश्यांत ती पाच-सहा काय करणार? मग फेकायचे असेल तर आधी वाढवून फेकले पाहिजे. सावलीत, चांगल्या कुजलेल्या शंभर किलो शेणखतात किलोभर पावडर मिसळावी, ओल्या पोत्यांनी झाकून पंधरवडाभर ठेवावे, मधून एकदा खालीवर करावे. खतावर हिरवट बुरा दिसू लागला की ते पेरणीच्या वेळी तासात द्यावे. यात ‘चांगल्या कुजलेल्या’ हे शब्द सोडून चालत नाहीत. कच्चे शेणखत किंवा नुकताच गाडलेला सोयाबीनचा भुसा मानकुजव्याच्या बुरशीला आयते खाद्य होतो, आणि रोग कमी करायला घातलेले खत रोग वाढवून जाते. पिंपात गूळपाणी घालून ट्रायकोडर्मा वाढवण्याची पद्धतही फोफावली आहे. त्या पिंपात शेवटी कोण वाढले हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि गुळावर ट्रायकोडर्मापेक्षा वेगाने वाढणारे पुष्कळ जीव आहेत.

‘आम्ही सगळे सांगितल्याप्रमाणे केले, तरी फरक पडला नाही’ हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो अनेकदा खरा असतो. पुडीत जीव होता का, हे शेतकऱ्याला कळायला मार्ग नाही. टाल्क पावडरीतली ट्रायकोडर्मा सावलीत, थंड जागी काही महिने टिकते. गेवराईच्या बाजारात तो माल मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, पत्र्याच्या छताखाली येऊन पडतो. तिथे संख्या दहाव्या हिश्श्यावर आली तर दाण्यामागच्या दोन हजारांचे दोनशे होतात. पाकिटावर उत्पादनाची तारीख असते, साठवणुकीचे तापमान नसते. त्यात कायद्याची विभागणी विचित्र आहे. ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, तर हरभऱ्याच्या त्याच दाण्याला त्याच सकाळी चोळायचे रायझोबियम हे जिवाणू खत मात्र खत नियंत्रण आदेशाखाली येते. जैविक खते त्यात २००६ मध्ये घेतली गेली. नमुने घेणारे निरीक्षक, प्रयोगशाळा, दंड सगळे निराळे. नमुने घेतले जातात तेही बहुतांशी रासायनिक औषधांच्या भेसळीसाठी. जिवंत मालाची मोजणी विक्रीच्या ठिकाणी, विक्रीच्या महिन्यात झाली पाहिजे. कारखान्याच्या दारातल्या प्रमाणपत्राला मे महिन्यात काही किंमत उरत नाही.

दुसरा आक्षेप स्वस्ताईचा. थायरम किंवा कार्बॉक्सिन-थायरमची बीजप्रक्रिया किलोमागे फार थोड्या पैशांत होते, ती हमखास आहे, उन्हात मरत नाही. हे मान्य. पावसाळी, चिकट जमिनीत सोयाबीन पेरायचे असेल तर मीही रासायनिक बीजप्रक्रियेच्या विरोधात उभा राहणार नाही. पण तिचे संरक्षण उगवणीनंतरच्या काही आठवड्यांचे; घाटे भरताना येणाऱ्या मूळकुजीपर्यंत ती पोचत नाही. शिवाय शेंगवर्गीय पिकाची गोष्ट कापूस-ज्वारीपेक्षा वेगळी आहे. या पिकाचे नत्र गाठींतले रायझोबियम बांधते, म्हणजे मुळाभोवतीचे जिवाणू हा त्याच्या उत्पादनाचाच भाग आहे, आणि थायरमसारखी औषधे त्या जिवाणूंना सोसत नाहीत. म्हणूनच आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी, पेरणीच्या ऐन तोंडावर, जिवाणू संवर्धन असा क्रम शिकवला जातो. क्रम बरोबर आहे, पण तो तडजोडीचा आहे. बियाण्यावर औषधाचा थर राहतोच आणि वरचा जीव त्यावरच बसवायचा असतो. ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम यांचे मात्र बहुतेक जमते. केंद्र सरकारने २०२० मध्ये बंदीसाठी सुचवलेल्या २७ औषधांच्या मसुद्यात कार्बेन्डाझिम आणि थायरम दोन्ही होती. ती बंदी त्यांच्यावर आली नाही, पण ज्या दोन औषधांवर कडधान्यांची बीजप्रक्रिया इतकी वर्षे उभी आहे त्यांचे भवितव्य कायम नाही एवढे त्यातून दिसले.

तिसरा आक्षेप फारसा कोणी घेत नाही, पण घ्यायला हवा: हे जीव निर्धोक आहेत का? सरसकट नाहीत. ट्रायकोडर्माच्याच एका जातीने अळिंबीच्या धंद्यात हिरव्या बुरशीचा उच्छाद मांडला आहे, आणि जर्मनीत २०१८ पासून दुसऱ्या एका जातीने मक्याच्या कणसांवर कुज आणल्याचे नोंदले गेले. तूर-हरभऱ्यात असा धोका दिसलेला नाही. तरी ‘जैविक म्हणजे निरुपद्रवी’ हे गृहीत धरून कोणतीही अनोळखी जात पोत्यांनी विकायला परवानगी देणे शहाणपणाचे नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण पुडीबाहेरची आहे. मराठवाड्यात पूर्वी खरीप ज्वारीत तुरीच्या ओळी असत. ज्वारीबरोबर किंवा ज्वारीनंतर घेतलेल्या तुरीत मर लक्षणीय कमी येते, हे इक्रिसॅटच्या प्रयोगांतही दिसले आहे. कपाशी आणि सोयाबीन आले, ज्वारी बांधाबाहेर गेली. ज्वारीबरोबर तिचा कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे, जनावरांबरोबर शेणखत. आणि ज्या सेंद्रिय कर्बावर ट्रायकोडर्मापासून बॅसिलसपर्यंत सगळे जगतात तो कोरडवाहू रानात अर्धा टक्काही भरेना. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा ही जोडी पैशाला बरी आहे, पण मानकुजव्या आणि मूळकूज या दोन्ही बुरश्यांना ती बारमाही पंगत घालते. या फेऱ्यात वर्षातून एकदा पाच ग्रॅम पावडर चोळून फार तर नुकसान थोपवता येईल. ज्वारी मूळकुजीची बुरशीही पोसते हे खरे, तेव्हा ज्वारी परत आली की सगळे सुटले असेही नाही. पण मर आणि शेणखत या दोन्ही अंगांनी तिचा हिशोब कपाशी-सोयाबीनपेक्षा बरा निघतो.

माणसांचाही प्रश्न आहे. हरभऱ्याच्या पेरणीचा काळ, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, हाच बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघण्याचा काळ. ज्या घरातली धडधाकट माणसे बैलगाडी सजवून पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागली आहेत, त्या घरात पंधरा दिवस आधी शेणखत ओलावून, झाकून, खालीवर कोण करणार? पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर, एका दिवसात उरकली जाते आणि बियाणे पोत्यातून सरळ पेटीत जाते. त्यामुळे शिफारशीचे पत्रक कितीही अचूक असले तरी ते या घरापुरते निरुपयोगी. यावर उपाय गावपातळीवर काम वाटून घेण्याचा आहे: बचत गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने सप्टेंबरातच शेणखतावर ट्रायकोडर्मा वाढवून ठेवावी, बियाण्याला प्रक्रिया करून सावलीत सुकवून द्यावे, आणि शेतकऱ्याने ते त्याच दिवशी पेरावे. गेवराई तालुक्यातच खामगावला कृषी विज्ञान केंद्र आहे; मोजणीची आणि मूळ जातीची जबाबदारी त्याने उचलली तर बाकीचे गावाला जमण्यासारखे आहे. आणि चकलांब्याच्या रानात ते चालते का, याचा निकाल परभणीच्या किंवा पटनचेरूच्या आकड्यांवर सोपवायची गरज नाही. एकाच शेतात, एकाच वाणाच्या, चार तासे प्रक्रिया केलेली आणि चार तासे न केलेली अशी आलटून पालटून पेरावीत. फुलोऱ्यात एकदा आणि घाटे भरताना एकदा वाळलेली झाडे मोजावीत, प्रत्येक वाळलेल्या झाडाचे मूळ चिरून पाहावे आणि मर किती, मूळकूज किती हे वेगवेगळे लिहावे. तीन हंगाम हे केले तर पुढच्या मे महिन्यात दुकानात काय मागायचे आणि काय नाकारायचे ते त्या वहीतूनच ठरेल.